‘द पियानो’मधला स्टुअर्ट : वाट बघितल्याचं बिल लावणारा नवरा

आधीच सांगून टाकते, पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, अगदी शेवटापर्यंतचे. पिक्चर १९९३चा आहे, त्यामुळे मला त्याचं फारसं वाईट वाटत नाहीये.

जेन कॅम्पियनचा ‘द पियानो’. त्यातला नवरा, अ‍ॅलिस्डेअर स्टुअर्ट, हे आजचं प्रकरण. ज्यांनी हा पिक्चर बघितलाय त्यातल्या बहुतेकांना एडा आठवते, तिची पोरगी आठवते, किनाऱ्यावर लाटांच्या तोंडाशी पडलेला पियानो आठवतो, मायकल नायमनचं म्युझिक तर दोन दिवस डोक्यातून जात नाही. नवरा मात्र आठवतो तो एकाच गोष्टीसाठी, ‘तो बोट तोडणारा’. आणि इथेच घोळ होतो, कारण कुऱ्हाडीवरून त्याला ओळखायला गेलं की तो एकदम सोपा व्हिलन होऊन बसतो, आणि सोपा व्हिलन तो अजिबात नाहीये. पहिला तासभर हा माणूस दारू पीत नाही, हात उगारत नाही, बायकोच्या खोलीत घुसत नाही. तो थांबतो. नव्या घरात रुळायला तिला वेळ देतो. आत्ता असता तर नातेवाइकांनी ‘किती समजूतदार आहे हो जावई’ म्हटलं असतं. मग असा माणूस कुऱ्हाडीपर्यंत पोचतो कसा?

माझं उत्तर असं की तो कधी बदललाच नाही. त्याचा संयम पहिल्या दिवसापासून उधारीवरच होता. तो थांबत होता ते मोजत मोजत थांबत होता, आणि वसुलीची वेळ आली तेव्हा समोरून काही येईना म्हटल्यावर त्याने जप्ती आणली. आता हे सीन बाय सीन बघू, पण सगळे सीन घेणार नाही, जे घट्ट आहेत तेवढेच.

काळ १८५०च्या आसपासचा. एडा मॅग्रा स्कॉटलंडची, सहाव्या वर्षापासून एक शब्द बोललेली नाही, का बोलत नाही ते तिचं तिलाही माहीत नाही. लग्नाशिवाय झालेली मुलगी आहे, फ्लोरा, तीच तिच्या खुणांचं बोलण्यात रूपांतर करून लोकांना सांगते. बापाने परस्पर तिचं लग्न न्यूझीलंडमध्ये जमिनी करून बसलेल्या एका माणसाशी ठरवलंय, ज्याचं तोंडही तिने बघितलेलं नाही. त्या माणसाने पत्रात कळवलंय की तिच्या मुकेपणाची मला अडचण नाही, देवाला मुके प्राणी प्रिय आहेत तर मला का नसावेत. हे वाक्य चांगुलपणाचं म्हणून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा. त्याच्या मते तो मोठ्या मनाचा आहे, आणि जो स्वतःला मोठ्या मनाचा समजतो त्याला पुढे कधीतरी त्याची पोच हवी असते.

मग तो किनाऱ्यावरचा पहिला सीन. एडा आणि फ्लोरा रात्रभर घागऱ्याच्या सांगाड्याचा तंबू करून त्यात झोपल्यात, आणि नवरेबुवा दुसऱ्या दिवशी उगवतात, माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, हमाल बरोबर घेऊन. चिखलाच्या जंगलातून टॉप हॅट घालून आलेला माणूस, कपडे असे की एक साइज लहान वाटावेत. भेटायच्या आधी खिशातून एडाचा फोटो काढतो, तो बघतो, आणि मग त्याच फोटोच्या काचेत स्वतःचा चेहरा बघून कंगवा फिरवतो. पाच-दहा सेकंदांचा शॉट असेल. पण कॅम्पियनने अख्खं लग्न त्यात सांगून टाकलंय, बायकोचा फोटो हातात आणि दिसतो तो स्वतः. मला हा सीन कुऱ्हाडीच्या सीनपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो, कारण इथे कोणाचीच चूक नाहीये, साधा नर्व्हस नवरदेव आहे तो.

आणि मग तिच्या तोंडावर म्हणतो की मला वाटलं नव्हतं तू एवढी लहानखुरी असशील. बाजूला जाऊन जॉर्ज बेन्सला, म्हणजे जो पुढे तिचा होणार त्या माणसाला विचारतो, काय वाटतं तुला? बेन्स म्हणतो, दमलेली दिसतेय. स्टुअर्ट म्हणतो, वाढ खुंटलीये तिची, हे एक झालंच. दोन माणसं एकाच बाईकडे बघतायत, एकाला दिसतंय तिला काय होतंय, दुसऱ्याला दिसतंय मागवलेला माल मापात बसतो का. डायलॉग दोनच आहेत. इतक्या कमी शब्दात नवरा आणि प्रियकर दोघांची कुंडली मांडणारं लिखाण मी तरी फार कमी बघितलंय, स्क्रीनप्लेचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

त्यानंतर पियानो. हमाल कमी, वाट चिखलाची, तेव्हा पियानो नेता येणार नाही असं तो सांगतो, आणि खरं सांगायचं तर व्यवहार म्हणून बघितलं तर चूक नाहीये त्याची. बाकीच्या पेट्या, भांडीकुंडी, कपडे सगळं जातं. पियानो तिथेच राहतो, भरतीच्या पाण्यात. एडा खुणा करते, लिहून विचारते, पोरगी ओरडून सांगते, पण त्याच्या कानावरून जातं सगळं. तो तिला नाही म्हणत नाही, ‘आत्ता नाही’ म्हणतो. हा शब्दप्रयोग ओळखीचा वाटत असेल अनेकींना. नाही म्हटलं तर भांडता येतं, आत्ता नाही म्हटलं की आपणच हट्टी ठरतो.

आता इथे कायद्याचा मुद्दा येतो आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. इंग्लिश कॉमन लॉमध्ये लग्न झालं की बायकोच्या जंगम वस्तू नवऱ्याच्या मालकीच्या व्हायच्या. भांडी, दागिने, पैसे, पियानो, सगळं. इंग्लंडमध्ये हे १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी बदललं, न्यूझीलंडमध्ये १८८४मध्ये. म्हणजे पिक्चरच्या काळात एडाचा पियानो कायद्याने स्टुअर्टचाच होता, तिच्या बापाच्या घरून आलेला असला तरी. आपल्याकडे निदान स्त्रीधन म्हणून काहीतरी वेगळं मानलं जातं, आणि २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात बाईचं स्त्रीधन परस्पर विकणं हा आर्थिक छळ धरलाय. तिकडे तेव्हा असलं काही नव्हतं. त्यामुळे बेन्स जेव्हा म्हणतो की ओढ्यापलीकडची माझी ऐंशी एकर घे आणि मला तो पियानो दे, वर तुझी बायको मला शिकवायला पाठव, तेव्हा स्टुअर्ट आनंदाने सौदा करतो आणि त्यात त्याला लपवण्यासारखं काहीच वाटत नाही. घरी येऊन चांगली बातमी दिल्यासारखं सांगतो. एडा संतापून आदळआपट करते, माझा आहे तो, माझा, म्हणून लिहून दाखवते. तेव्हा हा पहिल्यांदा चिडतो, आणि काय म्हणतो तर आपण एक कुटुंब आहोत, सगळेच त्याग करतात, तूही करशील.

गंमत बघा, त्यागाच्या यादीत त्याचं स्वतःचं काय गेलं? एकर आले. बायकोचा पियानो गेला आणि वर तिचे तास गेले. कुटुंब हा शब्द काढला की हिशोब विचारायची सोय राहत नाही, हे त्याला कोणी शिकवलं नसेल, पण जमतं छान.

जमिनीचं वेड हे त्याच्या कॅरेक्टरचं मूळ आहे, आणि इथेच ‘कॉलनियल’ हा शब्द नुसता सजावटीचा राहत नाही. बऱ्याच पिरियड फिल्म्समध्ये वसाहत म्हणजे सुंदर बॅकग्राउंड, हत्ती, पाम, लेसचे कपडे. इथे नवऱ्याच्या डोक्याची रचनाच वसाहतीची आहे. एका सीनमध्ये तो माओरींकडून जमीन घ्यायला बघतो, ब्लँकेट आणि बंदुका देऊ करतो, ते नाही म्हणतात कारण तिथे त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत. हा वैतागतो. बेन्सला म्हणतो, यांना ती हवी कशाला, लागवड करत नाहीत, जाळून साफ करत नाहीत, काहीच करत नाहीत, मुळात ती आपली आहे हे यांना कळतं तरी कसं? हा प्रश्न तो खरोखरच्या कुतूहलाने विचारतो. त्याच्या लेखी मालकी म्हणजे वापर, आणि वापर म्हणजे त्याला दिसेल असा वापर. जी वस्तू वापरात नाही ती कोणाची नाही, म्हणजे जो आधी कुंपण घालेल त्याची. आता हेच वाक्य पियानोवर लावा, किनाऱ्यावर पडून आहे, कोण वाजवतंय? आणि मग एडावर लावा.

इतिहासाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ६ फेब्रुवारी १८४०ला ब्रिटिश आणि माओरींमध्ये वाइतांगीचा तह झाला त्यात माओरींची जमीन घेण्याचा हक्क फक्त ब्रिटिश राजसत्तेला ठेवला होता, आणि १८४६च्या वटहुकमाने खाजगी माणसाने परस्पर जमीन घेणं दंडाचं काम ठरवलं. ही अट १८६०च्या दशकात काढली, १८६५च्या नेटिव्ह लँड कोर्टाने तर कुळाची सामाईक जमीन माणसामाणसाच्या नावावर चढवून विकायला मोकळी केली. तेव्हा ब्लँकेट आणि बंदुका घेऊन स्वतःच सौदा करायला बसलेला स्टुअर्ट हा त्याच्याच सरकारच्या कायद्याने चुकीच्या बाजूला आहे. नियम पाळणारा सभ्य गृहस्थ ही त्याची स्वतःबद्दलची कल्पना, पण नियम तो तेवढेच पाळतो जे त्याच्या बाजूचे आहेत. नवरा म्हणून मिळालेले हक्क त्याला तोंडपाठ आहेत. तहातलं कलम मात्र नाही.

त्याचं घर बघा नुसतं. आजूबाजूला जळलेले बुंधे, करपलेले ठोकळे, चिखल, आणि चिखलावर टाकलेल्या फळ्या, त्या फळ्यांवरूनच चालायचं. बेन्सची झोपडी जंगलाच्या कुशीत, हिरवी, दमट. डायरेक्टरने कुठेही सांगितलेलं नाही, पण स्टुअर्टच्या घराभोवती त्याने ‘सुधारणा’ केलीये आणि त्यामुळे तिथे काही उगवत नाही.

फ्लोराचा एक सीन तर लोक विसरूनच जातात. ती माओरी मुलांबरोबर खेळताना झाडांना मिठ्या मारते, अंग घासते, मोठ्यांचं काहीतरी बघितलेलं असणार. स्टुअर्ट तिला धरून आणतो आणि शिक्षा काय देतो, तर बादली आणि साबण घेऊन त्या झाडांचे बुंधे धुवायला लावतो. झाडांना लाज आणलीस म्हणे. आपल्याला हसू येतं, आणि हसता हसता कळतं की हा माणूस खरंच झाड धुवायला लावू शकतो, म्हणजे ज्याला अंग आहे, वास आहे, ओलावा आहे ते सगळं त्याला धुतलेलं हवंय. त्याच पोरीसमोर पुढे तो काय करणार आहे ते आठवलं की मग हसू येत नाही.

बरं, आता त्याचं एकटेपण. हे टाळून पुढे गेलं तर प्रकरण अर्धवट राहील. स्टुअर्टला प्रेम हवंय, मनापासून हवंय. मोरॅग आंटीला तो सांगतो की वेळ गेला की लागेल ती माया करायला, त्यावर ती बाई म्हणते की हो, पाळीव प्राण्यावर जीव लावणं सगळ्यात सोपं, आणि ते गप्पही असतात. बोलून ती मोकळी होते. एडा जेवणाच्या टेबलावर पट्ट्या कोरून त्यावर बोटं फिरवत बसते, आवाजाशिवाय, तेव्हा हा हैराण होतो, बायको वेडी तर नाही ना अशी शंका त्याला येते. पियानो आणून द्यावा हे तरीही सुचत नाही. म्हणजे लक्षण दिसतं, कारण दिसत नाही, कारण कारण तो स्वतः आहे.

मग बेन्सकडे काय चाललंय ते याला कळतं आणि तो झोपडीच्या फटीतून बघतो. दोघं आत आहेत. नवरा बाहेर आहे, आत घुसत नाही, ओरडत नाही, बघत राहतो, आणि बेन्सचा कुत्रा येऊन त्याचा लोंबता हात चाटतो. तो हात भिंतीला पुसतो आणि परत बघायला लागतो. मग अजून नीट दिसावं म्हणून फळ्यांच्या जमिनीखाली सरपटत जातो. स्टुअर्ट झालेल्या सॅम नीलने हा सीन असा केलाय की तुम्हाला त्याचा राग येतो आणि त्याच क्षणी दयाही येते आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग येतो. लक्षात घ्या, लग्नाचा पहिला फोटो काढतानाही, पावसात, एडाला नुसता पुढच्या बाजूचाच ड्रेस बांधून उभं केलेलं असताना, हाच माणूस जाऊन कॅमेऱ्याच्या भिंगातून तिच्याकडे बघतो. त्याला बायको समोरासमोर कधीच बघता येत नाही, मधे काच हवी, भिंग हवं, भिंतीतली फट हवी.

दुसऱ्या दिवशी जंगलात तो तिला गाठतो, वेलींच्या जाळ्यात खाली ओढतो, जबरदस्ती करायला बघतो. फ्लोराच्या हाकेने तो प्रसंग तुटतो. मग घरी आणून बाहेरून खिडक्यांवर फळ्या ठोकतो, दाराला अडसर. आणि यात सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट म्हणजे फ्लोरा त्याच्या बाजूने झालीये. जी पोरगी सुरुवातीला म्हणाली होती की मी त्याला पपा म्हणणार नाही, त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही, ती आता आईला सुनावते की तू तिकडे जायला नको होतंस, मला आवडलं नाही आणि पपांनाही नाही. घरात कोंडायला कुलूप लागतंच असं नाही, पोर फुटलं की पुरतं. आणि पोराला दोष देता येत नाही, आई तिला बाहेर सोडून दार लावून घेत होती, आणि हा माणूस निदान घरात होता.

इथे जरा आडवळण घेते, कारण कायदा आपल्यापर्यंतही आलेला आहे. बायकोने नवऱ्याकडे राहायलाच पाहिजे, नाही राहिली तर कोर्टाने तिला पाठवावं, ही तरतूद इंग्लंडहून मुंबईत आली. रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४मध्ये दावा लावला तो याचाच. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाली तुरुंग. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मजा अशी की खुद्द इंग्लंडमध्ये यासाठी तुरुंगात टाकणं १८८४लाच बंद झालं होतं, म्हणजे तिकडे मोडीत निघालेलं हत्यार इकडे चालूच. स्टुअर्टच्या फळ्या आणि खिळे बघताना मला फॅरनसाहेबांची ऑर्डर आठवते, एकाने हातोडीने केलं, दुसऱ्याने शाईने.

कोंडल्यानंतरच्या रात्री एडा उठून त्याच्याकडे येते, त्याच्या अंगावरून हात फिरवते. हा सीन विचित्र आहे आणि बरेच लोक त्यावर अडखळतात. ती त्याच्यावर प्रेम करत नाहीये, तिला स्पर्श हवाय, आणि त्याला स्पर्श करता करता ती कुठेतरी दुसरीकडेच आहे. तो आधी हादरतो. पुढच्या वेळी विचारतो की मला हात लावू दे ना, का नाही लावू देत, मी आवडत नाही का तुला? अख्ख्या पिक्चरमध्ये त्याने बायकोला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न, आणि उत्तर येत नाही. माझ्या मते स्टुअर्ट इथे मोडतो, कुऱ्हाडीच्या वेळी नाही. आयुष्यभर हात फिरवणारा तो होता, आज पहिल्यांदा तो नुसता पडून आहे आणि त्याच्या अंगाचा वापर दुसरं कोणीतरी करतंय, आणि त्याला ते हवंही आहे आणि सहनही होत नाहीये. आपणच जमीन असणं म्हणजे काय ते त्याला त्या रात्री कळतं.

मग तो फळ्या काढतो. तुझ्यावर विश्वास टाकतो म्हणतो, त्या माणसाकडे जाऊ नकोस. आता नीट बघा, विश्वास हीसुद्धा त्याने दिलेली रक्कमच आहे, व्याजासकट परत यायला हवी अशी. एडा पियानोची एक पट्टी काढते, तिच्यावर लिहिते की जॉर्ज, माझं हृदय तुझ्याकडे आहे, आणि फ्लोराच्या हाती देते. बेन्सला वाचता येत नाही, हे तिला माहीत आहे, तरी पाठवते. फ्लोरा दोन वाटांच्या तिठ्यावर उभी राहते आणि वळते ती स्टुअर्टच्या बाजूला, जिथे तो कुंपणाचे खांब रोवतोय. ज्याला वाचता येतं त्याच्या हातात पट्टी पडते. कुंपण घालता घालता त्याला कळतं की आतलं केव्हाच गेलंय.

पुढचं सगळं पावसात. कुऱ्हाडीचा घाव पियानोवरही. मग तो तिला ओढत लाकडं फोडायच्या ओंडक्याशी आणतो, आणि या सगळ्यात तो काय ओरडतोय ते ऐका, मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, विश्वास ठेवला होता! म्हणजे त्याच्या हिशोबात फसवलं गेलेलं गिऱ्हाईक तो आहे. तुझं त्याच्यावर प्रेम आहे का, सांग म्हणतो, मुक्या बाईला. फ्लोरा किंचाळून सांगते की ती नाही म्हणतेय. कुऱ्हाड पडते. एडा ओरडत नाही, उठते, चार पावलं चालते, आणि चिखलात बसते, घागरा सगळीकडे पसरतो. ते बोट फडक्यात गुंडाळून तो फ्लोराच्या हाती बेन्सकडे पाठवतो, परत भेटायचा प्रयत्न केलास तर दुसरं तोडीन, मग तिसरं. इथेही हप्तेच.

याच्या आधी गावातल्या नाटकात सावल्यांच्या खेळात ब्लूबिअर्ड बायकोच्या हातावर कुऱ्हाड चालवतो आणि प्रेक्षकांतले माओरी पुरुष खरं समजून स्टेजवर धावून जातात. तो सीन मला थोडा खटकतो, माओरी म्हणजे भोळे, नाटक आणि खरं यातला फरक न कळणारे, असं दाखवल्याबद्दल माओरी अभ्यासकांनी पिक्चरवर टीका केलीये आणि ती मला पटते, त्यांना स्वतःची गोष्टच नाहीये इथे, चेष्टामस्करी आणि हमाली एवढंच. पण एक आहे की त्या हॉलमध्ये बायकोवर कुऱ्हाड पडताना बघून उठणारे तेवढेच. पांढरे लोक बसून टाळ्या वाजवतात.

बोट तोडून झाल्यावर तापाने फणफणलेल्या एडापाशी बसून स्टुअर्ट किती मऊ बोलतो! मी फक्त तुझे पंख छाटले, एवढंच, आता बघ सगळं नीट होईल. हीच टोन, हाच आवाज पहिल्या तासभर होता. म्हणून म्हटलं की माणूस बदललेला नाही. आणि तशा अवस्थेतल्या बाईच्या अंगावरचं पांघरूण तो बाजूला करायला लागतो, तेवढ्यात तिचे डोळे उघडे दिसतात, सरळ त्याच्याकडे बघणारे. काच नाही, भिंग नाही, फट नाही. तो थांबतो.

बेन्सबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण बंद करता येणार नाही, कारण लोक लगेच म्हणतात की बेन्स तरी कुठला संत. बरोबर आहे. पियानोच्या एकेका काळ्या पट्टीच्या बदल्यात अंगाला हात लावू दे, हा सौदा घाणेरडाच आहे, रोमँटिक म्युझिक लावलं म्हणून तो स्वच्छ होत नाही. तोही हिशोबच. फरक एकाच ठिकाणी पडतो. बेन्सला मध्येच कळतं की यात तिची किंमत होतेय आणि माझी वाट लागतेय, मला ती हवीये पण अशी नको, आणि तो वही बंद करून पियानो तिच्या घरी पाठवून देतो. स्टुअर्टची त्या वेळची प्रतिक्रिया बघण्यासारखी आहे, तो घाबरतो की आता जमीन परत द्यावी लागते की काय. बेन्स सांगतो की हे मी तुझ्या बायकोला दिलंय, तुला नाही. फुकट दिलेली वस्तू ही कल्पनाच स्टुअर्टच्या डोक्यात शिरत नाही.

सॅम नील त्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’मध्ये डायनोसॉरपासून पोरांना वाचवत होता, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात तो ‘चांगला माणूस’ म्हणून फिट्ट बसलेला. ते इथे फार उपयोगी पडलंय. कोणी राकट चेहऱ्याचा नट घेतला असता तर आपण पहिल्या सीनपासून सावध राहिलो असतो. एडा झालेली होली हंटर आणि फ्लोरा झालेली अ‍ॅना पॅक्विन, दोघींना ऑस्कर मिळाली, पॅक्विन तेव्हा अकरा वर्षांची होती, कॅम्पियन कानचा पाम द’ओर मिळवणारी पहिली बाई ठरली, पण नीलचं काम मला कायम कमी मोजलेलं वाटतं.

शेवटी तो रात्री बंदूक घेऊन बेन्सकडे जातो. मारायला नाही. विचारतो, ती तुझ्याशी कधी बोललीये का, खुणांनी नाही, शब्दांनी? आणि सांगतो की मला तिचा आवाज माझ्या डोक्यात ऐकू आला, ओठ हलले नाहीत पण शब्द स्पष्ट होते, मला जाऊ दे, बेन्सला मला घेऊन जाऊ दे. मग म्हणतो की घेऊन जा तिला, मला जागं होऊन हे सगळं स्वप्न होतं असं कळायला हवंय, मी जो आहे तो मला परत व्हायचंय. काही जण याला त्याची सुटका म्हणतात, पश्चात्ताप म्हणतात. मला नाही वाटत. त्याच्या त्या बोलण्यात एडाच्या बोटाचा उल्लेख नाही, फ्लोराचा नाही, आहे ते फक्त स्वतःचं चित्र परत नीट करणं. पण एवढं मान्य करायला हवं की आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचं काहीतरी ऐकलं, आणि ऐकल्यावर त्याप्रमाणे वागला. कितीतरी नवरे तेवढंही करत नाहीत.

त्यानंतर तो पडद्यावरून गायब. एडा, बेन्स, फ्लोरा होडीतून निघतात, पियानो समुद्रात जातो, एडाचा पाय दोरीत अडकतो, ती खाली ओढली जाते आणि मग स्वतःच बूट सोडवून वर येते. पुढे नेल्सनला ती धातूचं बोट लावून पियानो शिकवते. पिक्चरला स्टुअर्टचं काय झालं याच्याशी देणंघेणं नाही आणि ते योग्यच आहे.

कागदावर मात्र त्याचा नंबर लागतच राहतो. न्यूझीलंडमध्ये घटस्फोटाचा कायदा आला १८६७मध्ये, तोही असा की नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे, बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा वगैरे आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. तोपर्यंत नेल्सनमधली ती पियानो टीचर ही मिसेस स्टुअर्टच, आणि तिची शिकवणीची कमाईसुद्धा हक्काने त्याची. बेन्सने पियानो ‘तिला’ भेट दिला होता खरा, पण लग्न झालेल्या बाईला दिलेली भेट म्हणजे नवऱ्याला दिलेली, तेव्हा समुद्रात बुडवला तो पियानोही कायद्याने स्टुअर्टचाच, आणि ओढ्यापलीकडची ऐंशी एकर तर त्याने कधी परत केलीच नाही.